बर्फाबाहेरची वीस मिनिटं

मावशी सकाळी उठली की तोंड धुण्याआधी फ्रिज उघडायची. दुधाच्या पिशवीमागे तिने एक काचेचा थर्मामीटर उभा करून ठेवला होता. चष्मा कपाळावरून नाकावर ओढून ती तो वाचायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची, "चार." मग दार लावायची आणि ते नीट लागलंय का, हे तळव्याने दाबून पाहायची. आम्ही दोघी, म्हणजे आई आणि मी, अंथरुणातूनच विचारायचो, "आज ताप उतरला का गं फ्रिजचा?" ती म्हणायची, "हसा. दूध नासलं की माझ्याकडे येऊ नका."

बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली ती मधल्या खोलीत. एक पलंग, एक लोखंडी कपाट, आणि खिडकीशी टेबल. टेबलावरची पेनं लांबीप्रमाणे लावलेली. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला वेळेवर कुणी घ्यायला आलं नाही, आणि उशिरा आलेल्याबरोबर मी जात नाही."

ती एका संशोधन संस्थेत टेक्निशियन होती. अठ्ठावीस वर्षं एकाच मजल्यावर. शोधनिबंध लिहिणारे वेगळे, भाषणं करणारे वेगळे. पेशी वाढवणं, त्या धुणं, फोडणं, त्यांतली प्रथिनं जेलच्या पातळ, पारदर्शक थरातून विजेने पळवून त्यांचे फोटो काढणं, हे तिचं काम. मजल्यावर तिला 'बर्फवाली बाई' म्हणायचे, कारण तिच्या हातात सतत बर्फाची बादली असायची आणि तीत रोवलेल्या नळ्या. कुणाची नळी दोन मिनिटं टेबलावर उघडी राहिली तर ती ओरडायची नाही. मुकाट्याने ती नळी उचलून बर्फात खोचायची आणि त्या माणसाकडे पाहायची. ओरडणं परवडलं, असं लोक म्हणायचे.

त्या बर्फाचं कारण तिने मला एकदा समजावलं होतं. मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि कवितेपलीकडचं काही समजून घ्यायची मला फारशी हौस नव्हती. पण विषय आईच्या हातांचा होता.

"पेशीत एक प्रथिन असतं," ती म्हणाली. "एरवी गप्प बसलेलं. शरीरात काही घुसलं, धोक्याची वर्दी आली, की त्याच्या अंगावर फॉस्फेटची एक बारीकशी खूण चिकटते. खूण लागली की ते पेशीच्या केंद्रात जाऊन डीएनएवर बसतं आणि सूज आणणारी जनुकं जागी करतं. काम झालं की खूण निघते, जनुकं झोपतात, सूज उतरते."

"आणि आईचं?"

"आईची खूण वेळेवर निघत नाही, असं आम्हाला वाटतं. धोका नसताना वर्दी चालूच." मग म्हणाली, "खूण पुसणारीही प्रथिनं पेशीतच असतात. पेशी फोडली तरी ती काम करत राहतात. थंडीत मात्र गारठून बसतात. बर्फ हटला की लागली पुसायला. म्हणून बर्फ."

आई शिवणकाम करायची. दुकानांतून आलेले कपडे घट्टसैल करून द्यायचे, काजं करायची, चेन बसवायची. चाळिशीतच तिची बोटं सांध्यांशी फुगायला लागली. सकाळी मूठ मिटायची नाही. कात्री धरायला तिला दहा वाजायचे. गोळ्या चालू होत्या, त्यांनी सूज अर्धी राहायची, पण पोट बिघडायचं. "हात हवेत की पोट, एक काय ते निवड म्हणतात," आई म्हणायची, "जसं काही मी भाजी घ्यायला गेलेय."

आणि मग मावशीच्या प्रयोगशाळेतच ते औषध निघालं. निघालं म्हणजे, जुनंच होतं, दुसऱ्याच कशावर तरी देतात ते. प्रयोगशाळेच्या मॅडमना शंका आली की ते ही खूण कमी करत असावं. मावशीने प्रयोग केले. सहा प्लेट्स, म्हणजे पेशी वाढवायच्या उथळ ताटल्या: पहिलीतल्या पेशी शांत, दुसरीतल्या खवळवलेल्या, आणि तिसरीपासून सहावीपर्यंत खवळवून वर चढत्या मात्रेत औषध दिलेलं. फोटोत दर प्लेटचं एक घर असतं, आणि खूण जितकी जास्त तितकी त्यातली रेघ काळी. दुसऱ्या घरात गडद काळी रेघ आली, तिसऱ्यात थोडी फिकी, चौथ्यात आणखी फिकी, आणि सहाव्यात नुसती सावली. एखाद्या जिन्यासारखं. मॅडम त्या फोटोला 'पायऱ्या' म्हणायच्या. मावशीने तो प्रयोग पाच वेळा केला, पाचही वेळा पायऱ्या आल्या. निबंध छापला गेला. त्यावरून एका इस्पितळाने वीस रुग्णांना ते औषध देऊन पाहायचं ठरवलं, आणि त्या वीस जणांत आईचं नाव लागलं.

अट एकच होती. औषध सुरू करण्याआधी सहा आठवडे जुन्या गोळ्या पूर्ण बंद. तारीख ठरली होती, सोमवार. आईने कॅलेंडरवर गोल केला होता. त्या सहा आठवड्यांत हात किती सुजतील हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. सुजून तसाच पडून राहिलेला सांधा कधी कधी पुन्हा सरळ होत नाही, हेही सांगितलं होतं. आई म्हणाली, "ताईने पाच वेळा पाहिलंय. ताई दूध तापवतानासुद्धा दोनदा पाहते."

त्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी मावशीच्या इमारतीत आगीची तालीम झाली. मावशी कुठल्याशा दुसऱ्या कामासाठी तोच सहा प्लेट्सचा प्रयोग पुन्हा करत होती. तीन प्लेट्समधल्या पेशी खरवडून नळ्यांत भरल्या आणि घंटा वाजली. सगळ्यांना खाली काढलं. अर्ध्या तासाने वर आल्यावर दुसऱ्या कुणी उरलेल्या तीन प्लेट्स फेकल्या असत्या. मावशीच्या हाताला फेकणं माहीत नव्हतं. तिने त्याही भरल्या.

बुधवारी फोटो आला. पहिली तीन घरं नेहमीसारखी. चौथं, पाचवं, सहावं साफ कोरं.

घरी आली तेव्हा तिने चप्पल काढली नाही. तशीच मधल्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "दार लाव."

"काय झालं?"

"चौथ्या प्लेटला औषध थोडंसंच असतं. ते इतकं कसं पुसेल? औषध तेच होतं. वाढला होता तो फक्त वेळ."

मला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं ती मला नव्हे, स्वतःलाच हळूहळू समजावतेय. नळ्या बर्फात असायच्या. प्लेट्स नसायच्या. पूर्वी असायच्या, पण प्लेट ठेवायचा सपाट बर्फाचा ट्रे दोन वर्षांपूर्वी फुटला, आणि बर्फाच्या चुऱ्यावर प्लेट्स कलंडायच्या म्हणून ती त्या टेबलावरच ठेवू लागली. धुवायचं पाणी बर्फासारखं गार असायचं, त्यामुळे प्लेट्सही गारच आहेत असं तिने धरलं. सहाही एकदम धुवायच्या आणि मग एकेक खरवडायची. एकीला चार मिनिटं. दुसऱ्या कुणी ती दीड मिनिटात उरकली असती. मावशी कोपरान्‌कोपरा खरवडायची. आणि नेहमी क्रमाने, एक, दोन, तीन. म्हणजे सहावी प्लेट वीस मिनिटं उघड्यावर वाट पाहायची. जिला औषध सर्वांत जास्त, तीच सर्वांत जास्त वेळ, आणि तेवढ्या वेळात खूण औषधाशिवायही पुसली जात असणार.

"पाचही वेळा," ती म्हणाली. "अगं, मी इतकी नेमकी चुकले की चूकच पाच वेळा सारखी आली."

"म्हणजे औषध खोटं आहे?"

"माहीत नाही. तेच तर. माहीत नाही." तिने पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "सोमवारला किती दिवस राहिले?"

"चार. मधले."

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. आई वाढत होती. डाव एका हाताने नव्हे, दोन्ही हातांनी धरून.

"सोमवारी गोळ्या बंद करू नकोस," मावशी म्हणाली.

"का बरं?"

"एक आठवडा पुढे ढकल."

"ढकलायला ती काय हातगाडी आहे? डॉक्टरांनी तारीख दिलीय."

"मी सांगते म्हणून."

"कारण सांग."

मावशीने ताटातली वाटी नीट मधे सरकवली. "शनिवारी सांगेन."

"बघितलंस?" आई मला म्हणाली. "लहानपणीसुद्धा हिचं हेच. पेटीला कुलूप लावायची आणि किल्ली कुठेय विचारलं की म्हणायची, मोठी झालीस की सांगेन. मी पंचेचाळीसची झाले, ताई. आता तरी सांग." मग तिचा आवाज उतरला. "मला चांगलं काही होणार म्हटलं की तुझ्या पोटात गोळा का येतो गं?"

मावशी जेवली नाही. ताटात पाणी ओतून उठली. त्या रात्री, आणि त्यानंतरच्या रात्री, तिच्या खोलीतल्या पलंगाची फळी वाजत राहिली. मी आईच्या शेजारी पडून ते ऐकायचे. आईही जागी असायची. दोघींनाही माहीत होतं की दुसरी जागी आहे.

शुक्रवारी सकाळी मावशी मला म्हणाली, "आज कॉलेजला जाऊ नकोस. माझ्याबरोबर चल. मला एक असं माणूस हवंय, ज्याला यातलं काही कळत नाही."

"वा, थँक्यू."

"तसं नाही गं. म्हणजे, तसंच."

प्रयोगशाळा लांबट होती, काळ्या दगडी ओट्यांची. कुठेतरी पंखा सतत घरघरत होता. मावशीने गुरुवारीच अठरा प्लेट्स तयार ठेवल्या होत्या: सहाचे तीन संच. एका उथळ पत्र्याच्या ट्रेमध्ये तिने बर्फाचा चुरा भरला, वर पाणी ओतून थोपटून थोपटून सपाट केला, त्यावर ॲल्युमिनियमची पातळ शीट ठेवली, आणि तिच्यावर तळवा टेकून बराच वेळ उभी राहिली. तळवा लाल झाला तेव्हा म्हणाली, "आता खरं गार."

माझं काम सोपं होतं. प्रत्येक संचासाठी सहा चिठ्ठ्या करायच्या, उचलायच्या, आणि निघेल त्या क्रमाने प्लेट तिच्या हातात द्यायची. प्लेटवरचा आकडा तिला दिसू द्यायचा नाही. नळीवर मी माझं अक्षर लिहायचं, क, ख, ग, आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा हे माझ्या वहीत. वही तिला दाखवायची नाही, तिने मागितली तरी.

"मागशील?"

"मागेन. देऊ नकोस."

मी तिला काम करताना पहिल्यांदाच पाहत होते. घरात ती थोडी वाकून चालायची. इथे तिचा कणा ताठ होता. रबरी पात्याचा स्क्रेपर ती प्लेटवर असा ओढायची, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण ओढावं. पण हात घाईत होते. दर प्लेटला ती घड्याळाकडे बघायची, दीड मिनिट, दीड मिनिट, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता. एकदा पिपेटचं टोक नळीच्या कडेला आपटलं आणि ती पुटपुटली, "सांभाळ, म्हातारे."

मॅडमना तिने काही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी दारातून डोकावल्या, मला पाहून म्हणाल्या, "अरे वा, भाची! साहित्यातून विज्ञानात आणताय की काय?"

"मदतीला आलीय," मावशी म्हणाली. मॅडम हसून गेल्या. मावशीने दाराकडे पाठ केली आणि डोळे मिटले. "यांना सोमवारी सकाळी इस्पितळात हार घालतील," ती म्हणाली. त्यात उपरोध नव्हता.

शनिवारी दुपारी आम्ही फोटो काढायच्या अंधाऱ्या खोलीत उभ्या होतो. पडद्यावर एकेक रेघ उमटत गेली. अठरा घरं. कुठे गडद, कुठे कोरं. माझ्या क-ख-गच्या क्रमाने, त्यामुळे त्यातून काहीच वाचता येत नव्हतं. मावशी म्हणाली, "वही काढ."

वही माझ्या पिशवीत होती. ती बाहेर काढेपर्यंतच्या त्या काही क्षणांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, हे जगात फक्त मला माहीत होतं. मला पायऱ्या लावता येतील, असं तरी मला तेव्हा वाटलं. दोन अक्षरं इकडची तिकडे केली असती तर आईच्या कॅलेंडरवरचा गोल तसाच राहिला असता, आणि मावशी त्या रात्री झोपली असती. मी वही उघडली. मावशी माझ्याकडे पाहत नव्हती, पडद्याकडे पाहत होती, आणि तिचे दोन्ही हात तिने एकमेकांत घट्ट अडकवले होते.

मी वाचत गेले. ती कागदावर लिहीत गेली.

पहिलं घर कोरं. दुसरं गडद. तिसरं तितकंच गडद. चौथं तितकंच. पाचवं तितकंच. सहावं, तीनपैकी दोन संचांत, किंचित फिकं.

"सहाव्यात काहीतरी आहे," मी म्हणाले. "म्हणजे औषध अगदीच—"

"सहाव्याइतकं औषध माणसाला देता येत नाही. लिव्हर जाईल. इस्पितळात देणार होते ते चौथ्याइतकं." तिने पेनाचं टोपण लावलं. "चौथ्यात काही नाही."

मग ती तिथल्या उंच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "फोन लाव मॅडमना. माझ्या हाताला आकडे दाबता येत नाहीयेत."

मी फोन तिच्या कानाशी धरला. ती म्हणाली, "मॅडम, पायऱ्या खोट्या आहेत. माझ्यामुळे."  मग मला ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय म्हणताय?"

"बुधवारपासून तेवढंच कळतंय."

रविवारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या. फोटो पाहिला, चिठ्ठ्या पाहिल्या, माझी वही पाहिली, पुन्हा बर्फ भरलेल्या ट्रेवर स्वतःचा हात ठेवून पाहिला. ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत मी एकदाही तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले नाही. मला फोटो आवडला, तेवढ्यात माझं भागलं." सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी इस्पितळात फोन केला. निबंध मागे घेतला गेला. त्यासाठी जे पत्र लिहावं लागलं त्यात 'हाताळणीतील त्रुटी' असा शब्द होता. मावशीने तो खोडून लिहिलं, 'प्लेट्स बर्फावर नव्हत्या.'

आईला मात्र तिने शनिवारी संध्याकाळीच सांगितलं, कबूल केल्याप्रमाणे. आई शिलाई मशीनपाशी बसली होती, मशीन बंद. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे गोळ्या चालूच."

"चालूच."

"आणि नवीन काही नाही."

"सध्या नाही."

"तू गप्प बसली असतीस तर निदान आशा तरी होती मला."

"त्या आशेवर सहा आठवडे गोळ्या बंद राहिल्या असत्या. तुझी बोटं—"

"माझी बोटं माझी आहेत!" आई एकदम ओरडली. "तुला काय, तुला तुझा बर्फ. अठ्ठावीस वर्षं बर्फ सांभाळलास आणि माझ्याच वेळेला विसरलीस होय?"

 मावशीने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. तो फुटलेला ट्रे, ते गार पाणी, काहीच नाही. एवढंच म्हणाली, "हो. तुझ्याच वेळेला."

दोन महिने आई तिच्याशी बोलली नाही. एकाच घरात, माझ्यामार्फत: "तुझ्या मावशीला सांग, गॅस संपलाय." मावशीही माझ्यामार्फत: "तिला सांग, सांगितलंय." हा टपाल खात्याचा कारभार मी निमूट चालवला. मग एक दिवस शर्टाचं बटण लावताना आईला सुईत दोरा ओवता येईना. तिने चडफडत सुई टाकली. मावशीने ती उचलली, दोरा ओवला आणि दिली. आई म्हणाली, "दोरा लांब घेतलास. आळशी शिंपिणीसारखा." ते तिने माझ्यामार्फत म्हटलं नाही.

त्यानंतर मावशी अजून तीन वर्षं जगली. नोकरी गेली नाही, पण मजल्यावर तिच्याबद्दल कुजबुज होत राहिली, आणि ती तिला कळायची. नवीन कुणी कामाला आलं की पहिल्या दिवशी, चहाच्याही आधी, ती स्वतःच त्यांना सांगायची: मी अमुक चूक केली, ती अशी दिसते, हा तिचा फोटो. पायऱ्यांचा तो फोटो तिने स्वतःच्या ओट्यावर लावला होता. मी एकदा विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाली, "वाटते ना. म्हणून तर नजरेसमोर लावलाय. पाठीमागे असला तर जास्त वाटेल." आणि तरीही ती आधीसारखी झोपली नाही कधी. जुने सगळे प्रयोग एकेक करून ती मनात उलट्या क्रमाने करून पाहायची. इथे किती वेळ गेला असेल, तिथे किती. "अठ्ठावीस वर्षांत आणखी कुठे प्लेट ताटकळली असेल, काय सांगावं," असं ती भाजी निवडतानाही म्हणायची, कुणाला उद्देशून नाही.

आईचे हात फार बिघडले नाहीत, फार सुधारलेही नाहीत. कात्री ती अजूनही दहानंतरच धरते.

एका गुरुवारी सकाळी मावशी कामाला निघाली आणि बस थांब्यावरच गेली. हृदय. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिला बाकावर टेकवलं होतं. त्या म्हणाल्या, काही बोलल्या नाहीत हो, नुसतं घड्याळ बघत होत्या.

त्या सकाळी आई अजून झोपली होती. मी केस पुसत आरशापुढे उभी होते. मावशीने खांद्यावर पिशवी अडकवली, दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "तिच्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवलंय. घट्ट लावू नकोस, तिला उघडत नाही."